वाणाच्या सोळा सीड्या

१

श्यामराव वैरागडे रेल्वेच्या मालगुदामातून रिटायर झाले त्याला तीन वर्षं झाली होती, पण तोंड काही रिटायर झालं नव्हतं. रायपूरच्या पुरानी बस्तीतली ती गल्ली उजाडायची तीच त्यांच्या कॉमेंट्रीनं. विजयाबाई पोळ्या लाटायला बसल्या की दारातल्या खुर्चीवरून हे सुरू: “विजूनं लाटणं उचललं, पोळी फिरली, फिरली, आणि बाप्पा, छत्तीसगढचा नकाशा झाला.” समोरची लता स्कुटीला लाथा हाणायची, तिचं वर्णन. नळ सोडणारा उशिरा आला की त्याचं वर्णन. लोक वैतागायचे आणि ऐकायचेही. श्यामराव एखादा दिवस गावाला गेले तर गल्लीला आंघोळ न केल्यासारखं वाटायचं.

घरात एक ढेरपोट्या मॉनिटरचा कंप्युटर होता, कुठल्याशा ऑफिसच्या लिलावातून आणलेला. त्याची काळजी वाहायचा गौतम, विजयाबाईंच्या बहिणीचा मुलगा. वय तिशीचं, चौकात दुकान. पुढे दुरुस्ती चालायची आणि पडद्यामागे कॉपी. क्रिकेटचा गेम असली, म्हणजे कंपनीचा, घ्यायचा तर पंधराशे रुपये. ज्या घरात पोट्ट्याची फी तीन हप्त्यांत जाते ते घर काय असली घेणार? गौतमकडे तोच गेम तीस रुपयांत, कुलूप तोडून तयार. गौतमला चोर म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण मग आधी त्या गल्लीत असली सीडी डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस शोधून आणा.

विजयाबाईंना मात्र ते खटकायचं. श्यामरावांचं उत्तर ठरलेलं असे. “दिव्यावर दिवा लावला त पह्यला दिवा विझते का व? ज्याचं त्याच्यापाशीच राह्यते. मंग चोरी कशाची?” यावर काय बोलावं ते विजयाबाईंना सुचायचं नाही. न सुचणं आणि पटणं यांत फरक असतो, हे मात्र त्या जाणून होत्या.

त्या हिवाळ्यात गौतमच्या डोक्यात आलं की गेममधली इंग्रजी कॉमेंट्री काढायची आणि तिथे काकांची भरायची. त्यानं श्यामरावांच्या डोक्याला माइकचा हेडफोन चढवला, हातात यादी दिली: चौका, छक्का, आऊट, कॅच सुटला, पाऊस आला. दोन दुपारी हे चाललं. मध्ये गौतम जेवायला गेला तो माइक चालूच ठेवून. श्यामरावांना रिकाम्या खोलीतही गप्प बसवत नसे, म्हणून “विजू, चहा टाक व,” “पंखा वाढव,” “कोण आलं?” हेही आत गेलं. गौतमनं ते फेकलं नाही, दोन ओव्हरांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसवून टाकलं. एकूण दोनशे बारा तुकडे झाले.

२

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, हा त्या गल्लीतला दरवर्षीचा मोठा प्रश्न. आदल्या वर्षी विजयाबाईंनी चहाच्या गाळण्या दिल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी लतानं गाळण्याच दिल्या होत्या. एकेका घरात इतक्या गाळण्या झाल्या की गाळायला तेवढा चहा नव्हता. तेव्हा श्यामराव म्हणाले की औंदा सीड्या दे; कोरी सीडी दहा रुपयांना पडते, आणि गाळणीला कोणी हसत नाही, सीडीला तरी हसतील.

तशा सोळा सीड्या तयार झाल्या. गौतमनं वर रंगीत कागद लावला. बायका हळदीकुंकू घेऊन तिळगुळासोबत सीडी पदरात बांधून गेल्या. शर्मिष्ठा तेवढी गाडीतून आली होती. ती मूळची याच गल्लीतली, पण नवरा मंत्रालयात, आणि मंत्रालय नुकतंच नया रायपूरला हललेलं, म्हणून तीही तिकडे राहायला गेलेली. तिनं सीडी दोन बोटांत अशी धरली की जणू गाळणीच बरी होती.

वाणाचा एक नियम असतो. दिलं ते दिलं. वाण धन्याच्या आयुष्यासाठी देतात, ते परत मागायचं नसतं. मागितलं तर काय होतं हे विजयाबाईंच्या सासूबाईंनी कधी सांगितलं नव्हतं, फक्त कानाला हात लावून दाखवला होता.

३

आठ दिवसांत गल्ली दुमदुमली. शाळा सुटली की चार घरांतून चार श्यामराव बोलायला लागायचे. पाचवे खुर्चीवर बसून ऐकायचे आणि मांडीवर थाप मारायचे. “आऊट! घरी जाय बापू, माय वाट पाहून राह्यली,” असं डावीकडून आलं की थोड्या वेळानं तेच उजवीकडून यायचं. जावई घरात आला तर सासरेबुवा जसे उगाच ताठ बसतात तसे ते ताठ बसायचे.

एका दुपारी लता हसत आली. ती गच्चीवर पापड वाळत घालत होती, मुलगा गेम चालू ठेवून क्लासला गेलेला. खालून काकांची हाक आली, “लता, दूध.” ती धावत खाली आली तर दूध पातेल्याच्या काठाला टेकलेलं. काका घरात आले असतील म्हणून तिनं दार पाहिलं, तर आतून कडी. लताला मोठी गंमत वाटली. किती काय काय भरून ठेवलंय काकांनी, म्हणाली.

विजयाबाईंनी नवऱ्याला विचारलं, दुधाचं तुम्ही कधी भरलं होतं? आपल्या घरचं दूध त्या दुपारी उतू गेलं असेल, ते बोलले असतील, हे पटण्यासारखं होतं. पण लताचं नाव कशाला घेतलं असेल?

“म्हटलं असन मी केव्हातरी,” श्यामराव म्हणाले.  लता, दूध आणि बंद दार हाताशी असून त्या माणसानं एकही विनोद केला नाही. विजयाबाईंना दुधापेक्षा तेच जास्त लागलं.

४

पुढच्या सोमवारी सकाळी विजयाबाई पोळ्या लाटत होत्या आणि त्यांना वाटलं, घरात काहीतरी उघडं राहिलंय. गॅस पाहिला, नळ पाहिला, मागचं दार पाहिलं. मग लक्षात आलं की आवाज नाही.

श्यामराव खुर्चीवरच होते आणि त्यांच्याकडेच बघत होते. ओठ पुढे आले, हाकेच्या आकाराचे झाले आणि थांबले. नळ फुसफुसतो आणि पाणी येत नाही, तसं. शेवटी त्यांनी टाळी वाजवून बोलावलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीक गुठळी असेल, या वयात काही शब्द जातात. मशीनमध्ये घालून पाहिलं, गुठळी दिसली नाही. मग डॉक्टर म्हणाले, फार बारीक असेल. विजयाबाईंनी ते मानलं. साठी उलटलेला माणूस, सांडणारच थोडं. पण काय सांडलं आणि काय उरलं, हे बघायला डॉक्टर घरी राहत नव्हते. चहा गेला होता आणि कढीपत्ता राहिला होता. पंखा गेला, सुतळी राहिली. मालगुदामातल्या बारा साहेबांची नावं धडाधड यायची आणि साधं “कोण आलं?” घशात अडकायचं.

विजयाबाई एक दुपार लताच्या ओसरीवर मूग निवडत बसल्या. आत लताचा मुलगा खेळत होता. आतून जे जे ऐकू आलं ते त्यांनी मनात ठेवलं आणि घरी येऊन नवऱ्यासमोर बसल्या. चौका म्हणा, म्हणाल्या. श्यामरावांनी मान हलवली. आऊट म्हणा. नाही. कोथिंबीर म्हणा.

“कोथिंबीर,” श्यामराव स्वच्छ बोलले.

आणखी दहा-बारा शब्द झाले. जे दोनशे बारांत होतं ते आलं नाही. जे नव्हतं ते आलं. पहिल्या दोन-तीन शब्दांना श्यामराव हसत होते. मग हसायचे थांबले. हिशोब त्यांनाही लागला होता. त्यांनी देवापुढच्या दिव्याकडे बोट केलं, बायकोकडे पाहिलं, आणि चूक कबूल करणाऱ्या शाळकरी पोरासारखी मान खाली घातली.

५

गौतमला विजयाबाईंनी लताच्या घरी नेलं. गौतमला मराठी समजायचं सगळं, पण हिंदीत वाढलेला, बोलायचा आपलं जमेल तसं. त्यानं कंप्युटर उघडला, आवाजाचे तुकडे जिथे ठेवले होते ती जागा उघडली आणि खुर्ची पुढे ओढली. दोनशे बारा टाकले होते. तिथे तीनशे एकाहत्तर होते.

“जितना डाला उतनाच रहता है मौसी, बढ़ता नहीं,” तो म्हणाला. मग स्वतःच स्वतःची समजूत घालायला लागला. कुलूप तोडायच्या क्रॅकसोबत काहीतरी येतंच, फुकटच्या मालाला कोण शिक्का मारून देतो. असे वायरस असतात म्हणे, जे गुपचूप माइक चालू करतात, घरातलं बोलणं चोरतात, नेटवरून इकडचं तिकडे पाठवतात. विजयाबाईंना ऐकून बरं वाटलं. चोर असेल तर चोर. चोराला घर असतं, पोट असतं, पोलिसांची भीती असते.

“लाव त्यातलं एक,” त्या म्हणाल्या.

गौतमनं सगळ्यात नवा तुकडा लावला. आधी पंख्याचा टकटक आवाज आला. विजयाबाईंनी तो ओळखला. त्यांच्या बैठकीतल्या पंख्याचं एक पातं ढिलं होतं. मग बांगड्या वाजल्या. मग त्यांचाच आवाज आला, दमलेला: “बोला ना हो. एकदा तरी.” आणि त्यानंतर श्यामरावांचा, अगदी जवळून, कानात सांगितल्यासारखा.

“बोलूनच राह्यलो ना, विजू.”

तुकड्यावर तारीख मंगळवारची होती, वेळ पावणेचारची. मंगळवारी पावणेचारला विजयाबाई हे बोलल्या होत्या, खरंच. समोर श्यामराव मुके बसले होते, हेही खरं.

गौतमनं विचारलं, तुमच्या घरी नेट आहे का? नव्हतं, फोनच दिवाळीपासून कापलेला. माइक? माइक तर गौतमच्याच दुकानातल्या खणात पडला होता, त्यालाच आठवलं.  मग हात लांबवून त्यानं स्पीकरची पिन भिंतीतून उपटली. पिन निघाल्यावर पंख्याची टकटक एक क्षण उशिरा थांबली, असं विजयाबाईंना वाटलं. वाटलंच असेल. त्या वेळी वर लताचा पंखाही चालू होता.

६

आता एकच गोष्ट करायची राहिली होती, आणि ती करायची नसते. धन्याच्या आयुष्यासाठी दिलेलं वाण धन्यासाठीच परत मागायला विजयाबाई निघाल्या. जाताना त्यांनी देवाला एवढंच सांगितलं की नियम मोडते आहे, पण कोणासाठी ते बघ.

एकेका घरी एकेक तऱ्हा. सीडीत वायरस आहे, हे सांगितलं की एकजण म्हणे, आमच्या घरी सगळे हात धुतात. दुसरीला वाटलं, वैरागडे काकूंची परिस्थिती बिघडली असावी. तिनं सीडीसोबत पावशेर साखरही दिली. तिसरीनं सीडी तुळशीवर पाखरं बसू नयेत म्हणून दोऱ्यानं टांगली होती, ती उतरवून दिली. खेळणारी पोट्टी रुसली. वाण परत मागतात का, असं तोंडावर कोणी म्हटलं नाही. पाठीवर म्हटलं, ते ऐकू येईल इतपत.

मागून गौतम प्रत्येक कंप्युटर पुसत गेला. पंधरा सीड्या विजयाबाईंनी परसात पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडल्या. त्या संध्याकाळी जेवताना श्यामरावांनी ताटाकडे पाहिलं.

“मीठ,” ते म्हणाले.

भाजी अळणी झाल्याचा इतका आनंद कोणत्या बाईला झाला नसेल. दुसऱ्या दिवशी “पंखा” आला, तिसऱ्या दिवशी “चहा”. डॉक्टर म्हणाले, पाहा, मी म्हटलंच होतं, हळूहळू येतं. विजयाबाईंनी त्यांना श्रेय घेऊ दिलं. हाक अजून आली नव्हती. पण सोळावी सीडीही अजून आली नव्हती.

७

नया रायपूरची बस मिळणं हेच एक काम होतं. मिळाली तेव्हा आत पाच माणसं, आणि बाहेर रस्ता इतका रुंद की त्यावर दोन गावं बसावीत. माणूस मात्र दिसत नव्हता. शर्मिष्ठाचं घर नवं, कोरं, बोललं की भिंतींतून परत येणारं. तिनं सरबत दिलं आणि सीडी लगेच काढून दिली, कागदसुद्धा न फाटलेली. विजयाबाईंचा जीव भांड्यात पडला.

“काहून घाबरून राह्यल्या काकू इतक्या? सीडीचं काय घेऊन बसल्या,” शर्मिष्ठा म्हणाली. “विहंगनं त ते केव्हाचंच नेटवर टाकलं. काका हिट आहेत.”

विहंग तिचा कॉलेजातला मुलगा. तो घरी नव्हता, पण तिनं लॅपटॉप उघडून पान दाखवलं. गेमच्या नावाखाली आकडा होता: एक्केचाळीस हजार दोनशे साठ. इतक्या लोकांनी तो उतरवून घेतला, शर्मिष्ठानं समजावलं. बोलता बोलता शेवटच्या साठाचे एकसष्ट झाले. मग चौसष्ट.

खाली लोकांनी लिहिलेलं होतं. विजयाबाईंनी चष्मा लावून वाचलं. पुष्कळांनी नुसतं हसणं लिहिलं होतं. अभनपूरच्या कोणीतरी लिहिलं होतं की गरिबाचा गेम असावा तर असा. अकोल्याच्या एकानं लिहिलं होतं की काका काल आमच्या आजीशी बोलत होते, आजी आता कंप्युटरपाशीच जेवते. आणि एकानं, कुठला होता कोण जाणे, हिंदीत विचारलं होतं: अंकल हर ओवर के बाद पूछते हैं, विजू किधर है. ये विजू कौन है?

शर्मिष्ठानं बिचारीनं मुलाला फोन करून ते पान त्याच दुपारी काढायला लावलं. पण तोवर दुसऱ्यानं दुसरीकडे टाकलं होतं, आणि त्याच्यावरून तिसऱ्यानं. उधळलेल्या लाह्या वाकून वेचता येतात. वारा सुटल्यावर वेचायचं म्हणजे काय वेचायचं? परतीच्या बसमध्ये विजयाबाई सोळावी सीडी मांडीवर घेऊन बसल्या. फोडावी असंही त्यांना वाटेना. खिडकीच्या कठड्यावर ती ठेवून त्या उतरल्या.

८

पंधरा दिवसांत सगळं गेलं. मीठ गेलं, पंखा गेला, साहेबांची नावं एकामागून एक गेली. कोथिंबीर सर्वांत शेवटी गेली. श्यामराव जेवत, आंघोळ करत, बोलावलं तर येत, खुर्चीवर बसत. बघायला येणारे म्हणत की हातपाय चालतात हे काय कमी आहे. विजयाबाई हो म्हणत. आणि मग पोळ्या लाटताना विचार करत बसत, की माणसाचा एवढा सगळा आवाज तिकडे चांगला, धडधाकट, पन्नास हजार घरांत राहतो आहे, हसतो आहे, लोकांच्या आजींना जेवायला घालतो आहे. तर मग आजारी कोण म्हणायचं? आपण कोणाची औषधं आणतो?

गौतमनं सगळ्यांचे कंप्युटर पुसले होते. तोच गेम भरलेला वैरागड्यांच्या घरचा मात्र पुसला नव्हता. विजयाबाईंनी त्याला पुसू दिला नव्हता आणि कारण सांगितलं नव्हतं.

एका दुपारी तीन वाजता, गल्ली झोपलेली असताना, त्यांनी कंप्युटर लावला. खेळता त्यांना येत नव्हतं. बॅट कोणत्या बटणानं फिरते एवढं माहीत होतं, आणि ते त्यांनी दाबलं नाही. बॉल आला आणि गेला.

“सोडला,” स्पीकरमधून आवाज आला. “चांगला सोडला.”

दुसरा आला, गेला. सहाही गेले. ओव्हर संपली आणि पुढचं मैदान येईपर्यंत पडदा काळा झाला. काळ्या काचेत मागची बैठक दिसली: खिडकी, पंखा, खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला माणूस.

“विजू.”

चाळीस दिवस झाले होते त्या हाकेला. विजयाबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं, “ओ.”

“कुठं होती व? किती घरं पालथी घातली म्या तुह्यासाठी.”

“इथंच होते,” त्या म्हणाल्या.  “घरीच.”

“हव. आत्ता दिसली.” आवाज खूश होता. अगदी पूर्वीचा, खुर्चीवरून यायचा तसा, मांडीवर थाप मारायच्या बेतातला. मग तो थोडा खाली आला, परक्या माणसासमोर आपल्या माणसाशी बोलताना येतो तसा.

“विजू, तुह्या मागं खुर्चीवर कोण बसून आहे?”

विजयाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पडदा अजून काळाच होता. काचेतल्या माणसानं पाय हळूच जवळ ओढून घेतले, घरची बाई केर काढत आली की पाहुणा घेतो तसे.